प्रोस्टेट ५८ ग्रॅम आणि हृदयात नवा स्टेंट: ऑपरेशनशिवाय काय करता येतं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६७ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन औषधाचा लेप असलेला स्टेंट बसला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, बीपीसाठी ॲम्लोडिपिन. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात, सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५८ ग्रॅम, लघवी केल्यावर १३० मिली शिल्लक, दोन्ही किडन्या ठीक. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ३.१, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) १.१. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन तीन आठवडे घेऊन थोडा फरक आहे. दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलं गेलंय, घरच्यांना ते नकोय, आणि ऑपरेशनशिवायचे सगळे उपाय कोणते, असं मुलाने विचारलंय.

उपायांची यादी मोठी आहे आणि ती कुठेही सापडते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा आहे: थांबणं सुरक्षित आहे का, आणि थांबण्याच्या काळात नेमकं काय करायचं? कारण औषधी स्टेंटनंतर इतक्या लवकर दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवून तातडीचं नसलेलं ऑपरेशन सहसा कोणी करत नाही. स्टेंट हार्ट अटॅकनंतर बसवला असेल तर साधारण १२ महिने, अटॅक न येता बसवला असेल तर निदान ६ महिने थांबायला सांगतात. नेमका काळ तुमचे हृदयरोगतज्ज्ञच सांगतील. आणि गंमत अशी की प्रोस्टेट आकसवणाऱ्या गोळीलाही कामाला लागायला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे 'ऑपरेशन हवं की नको' यावर आज घरात भांडायचं कारण नाही. सहा-आठ महिने नीट वापरले तर त्या वेळी उत्तर बरंचसं समोर आलेलं असेल.

आधी तो ५८ ग्रॅमचा आकडा बाजूला ठेवू. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते, म्हणून ५८ वाचून घर हादरतं. पण आकार आणि त्रास यांचं नातं फार सैल आहे. १०० ग्रॅमची प्रोस्टेट असूनही शांत झोपणारे असतात आणि ३० ग्रॅमच्या प्रोस्टेटने लघवी पूर्ण तुंबून कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लागलेलेही असतात. वाढ होते ती लघवीच्या नळीला लपेटून असलेल्या आतल्या भागात. ती बाहेरच्या बाजूला पसरली तर नळीवर दाब कमी. आत मूत्राशयात घुसली तर थोडी वाढही झडपेसारखी वाट अडवते. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'मीडियन लोब' (ग्रंथीचा मधला भाग) किंवा मूत्राशयात किती मिलिमीटर शिरलीय याची नोंद आहे का ते बघा. १० मिलिमीटरपेक्षा जास्त शिरलेली असेल तर गोळ्यांवर निभावण्याची शक्यता कमी होते. रिपोर्टवर 'ग्रेड दोन' किंवा 'ग्रेड तीन' लिहिलेलं असतं, त्यावरून मात्र उपचार ठरवत नाहीत.

मी अशा वेळी प्रोस्टेटपेक्षा तिच्या मागे काय चाललंय ते आधी बघतो. किडन्यांना सूज आहे का, क्रिएटिनिन वाढतंय का, मूत्राशयात खडा झालाय का, लघवीत पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतोय का, रक्त जातंय का, कॅथेटर काढल्यावर परत परत तुंबतंय का. यातलं एखादं जरी प्रोस्टेटमुळे असेल तर गोळ्यांनी वेळ काढणं धोक्याचं, आणि मग हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून मार्ग काढावा लागतो. तुमच्या माहितीत यातलं काहीच नाही. त्रास आहे, पण इजा दिसत नाही. गोळ्यांना संधी देण्याची हीच जागा.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी डोळ्यात तेल घालून बघायची. वयस्कर माणसाचं अंथरूण रात्री ओलं व्हायला लागलं की घरचे 'वय झालं' किंवा 'साखर वाढली' म्हणून सोडून देतात. पुष्कळदा ते मूत्राशय काठोकाठ भरून ओसंडणं असतं. दुखत नाही, म्हणून कोणी दवाखान्यात नेत नाही, आणि मागच्या मागे किडन्या सुजत जातात. असं दिसलं तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन करून घ्या.

आता १३० मिली शिल्लक या आकड्याबद्दल. आपल्याकडे सोनोग्राफीला पाणी पिऊन पिऊन, 'अगदी घाईची लागू द्या' म्हणून तास-दीड तास थांबवतात. मूत्राशय असं ताणलं गेलं की निरोगी माणसाचंही पूर्ण रिकामं होत नाही, आणि परक्या जागी बाहेर रांग असताना तर नाहीच. म्हणून हा आकडा एकदाच्या तपासणीवर धरू नका. नेहमीसारखी लघवी लागली की, मूत्राशयात अडीचशे-तीनशे मिली असताना, निवांत लघवी करून दहा मिनिटांच्या आत पुन्हा मोजून घ्या. ५० मिलीच्या आत आलं तर उत्तम. शंभर-दोनशेच्या मध्ये असेल तर लक्ष ठेवायचं. तीनशेच्या वर दोन वेळा आलं तर प्रश्न गंभीर. त्याच भेटीत युरोफ्लोमेट्री, म्हणजे धारेचा वेग मोजणारी तपासणी होते. त्यात निदान १५० मिली लघवी झालेली असावी, नाहीतर आलेख निरर्थक. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग ठीक समजतात, १० च्या खाली अडथळ्याची शक्यता बरीच. पण मधुमेहात मूत्राशयाचा स्नायूच थकलेला असू शकतो आणि धार तशीही बारीक येते. साध्या फ्लोमेट्रीत अडथळा आणि थकलेला स्नायू वेगळे ओळखू येत नाहीत. पुढे ऑपरेशनचा विचार झालाच तर मधुमेही माणसात युरोडायनॅमिक, म्हणजे मूत्राशयाच्या आतला दाब मोजणाऱ्या तपासणीबद्दल जरूर विचारा. स्नायू थकलेला असेल तर प्रोस्टेट कोरूनही धार सुधारत नाही.

त्रास मोजायला एक प्रश्नावली आहे, आयपीएसएस नावाची. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० च्या पुढे तीव्र. आज भरून तारीख घालून ठेवा. 'थोडासा फरक' या शब्दांवर उपचार ठरवता येत नाही. २१ वरून १५ वर आले म्हटलं की ठरवता येतो.

रात्री चार-पाच वेळा उठणं हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोठं दुखणं दिसतंय, आणि नेमकं तेच प्रोस्टेटवर ढकललं जातं. मापाचा एक प्लॅस्टिकचा मग आणा. तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक लघवीची वेळ आणि मिली लिहा. काय आणि किती प्यायले तेही. मग रात्री झोपल्यापासून उठेपर्यंतची लघवी आणि सकाळची पहिली लघवी यांची बेरीज करा आणि चोवीस तासांच्या एकूण लघवीशी ताडून बघा. एकूण २१०० मिली आणि त्यातली ९०० रात्रीची, म्हणजे ४३ टक्के. उतारवयात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं तर रात्री लघवी तयारच जास्त होतेय, आणि प्रोस्टेटची कोणतीही गोळी किंवा ऑपरेशन ती कमी करणार नाही. ऑपरेशननंतर 'धार छान झाली पण रात्रीचं उठणं तसंच' अशी तक्रार येते, तेव्हा बहुधा ही वही कोणी लिहिलेली नसते.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत रात्रीची लघवी वाढवणाऱ्या तीन गोष्टी मला तुम्ही दिलेल्या माहितीतच दिसतात. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीतून बाहेर टाकतं आणि साखरेबरोबर पाणी ओढतं. ते संध्याकाळी घेत असतील तर सकाळी घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका, हृदयासाठीही त्याचा उपयोग असतो. ॲम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि किडन्या ते रात्री बाहेर काढतात. संध्याकाळी नडगीवर बोटाने दाबून खड्डा पडतो का बघा. पडत असेल तर दुपारी तास-दीड तास पाय उंच ठेवून पडायला सांगा, आणि गोळी बदलण्याबद्दल विचारा. तिसरी गोष्ट म्हणजे साखर स्वतः. ती हाताबाहेर असेल तर बाकीचं सगळं व्यर्थ. याशिवाय जोरात घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकत असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या, त्यानेही रात्रीची लघवी वाढते. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिन नावाची गोळी आहे, पण या वयात तिने रक्तातलं सोडियम घसरून माणूस गोंधळतो, पडतो. हृदय कमजोर असेल तर ती नकोच.

सवयींमधलं मोजकं सांगतो. संध्याकाळी सहानंतर पाणी घोट-दोन घोट, पण दिवसभराचं तोडायचं नाही. दीड ते दोन लिटर जायलाच हवं, नाहीतर लघवी गडद होऊन जळजळ वाढते. यात हृदयरोगतज्ज्ञांनी पाण्याची मर्यादा घातली असेल तर तीच पाळा. संध्याकाळचा दुसरा चहा बंद. बद्धकोष्ठ अजिबात राहू देऊ नका, भरलेलं मलाशय मूत्राशयाला दाबतं. लघवी झाल्यावर लगेच उठायचं नाही. अर्धा-एक मिनिट थांबून, थोडं पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करायचा. बसून केली तर जास्त रिकामं होतं असा पुष्कळांचा अनुभव. कपडे सावरल्यावर थेंब गळत असतील तर अंडकोशाच्या मागे बोटांनी हलकं दाबून पुढे सरकवत नळीतली उरलेली लघवी काढून टाकायची. त्याला औषध लागत नाही. पोटाला जोर लावून लघवी करायची सवय मात्र मोडा, हर्निया होतो.

आता गोळ्या. इथे दोन वेगळ्या जातीची औषधं आहेत आणि त्यांची गल्लत झाली की सगळा उपचार फसतो.

पहिली जात अल्फा ब्लॉकर: टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ, अल्फुझोसिन १० मिग्रॅ, सिलोडोसिन ८ मिग्रॅ. मूत्राशयाचं तोंड आणि प्रोस्टेटमधले स्नायू ही सैल करतात. काही दिवसांत फरक पडतो, पूर्ण फायदा दोन ते चार आठवड्यांत. म्हणजे तुमच्या तीन आठवड्यांच्या टॅम्सुलोसिनने जे दिलंय ते जवळपास तेवढंच. त्यांनी प्रोस्टेट लहान होत नाही. गोळी सोडली की त्रास परत. रोज त्याच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची, कॅप्सूल फोडायची किंवा चावायची नाही. टॅम्सुलोसिन उपाशीपोटी घेतली तर रक्तात एकदम जास्त चढते आणि चक्कर येते. स्टेंटवाल्या, बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाने रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. एकदा आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा जास्त पडत असेल तर डॉक्टरांना सांगा. रात्री बाथरूमच्या वाटेवर पडून खुब्याचं हाड मोडणं, आणि तेही दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना, हा प्रोस्टेटपेक्षा मोठा प्रश्न आहे. वाटेत रात्रीचा मंद दिवा लावा, पायपुसणं काढून टाका, पलंगाजवळ लघवीचं भांडं ठेवा.

सिलोडोसिनने रक्तदाब तुलनेने कमी पडतो, पण त्यात वीर्य बाहेर न येण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. त्याने अपाय काही होत नाही, पण आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो आणि गुपचूप गोळी सोडतो. किडनीचं काम मध्यम कमी असेल तर सिलोडोसिन ४ मिग्रॅच द्यावं लागतं. आणखी एक, आपल्याकडे हमखास होणारी चूक: गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल चालू होतं आणि त्वचारोगतज्ज्ञांना प्रोस्टेटची गोळी कोणी सांगत नाही. इट्राकोनॅझोलमुळे सिलोडोसिन आणि अल्फुझोसिन शरीरात साठतं, बीपी कोसळतो. ही जोडी टाळायचीच.

दुसरी जात म्हणजे ग्रंथी आकसवणारी: फिनास्टेराइड ५ मिग्रॅ किंवा ड्युटास्टेराइड ०.५ मिग्रॅ. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं जे संप्रेरक प्रोस्टेट वाढवतं, ते बनणं या रोखतात. साधारण ३०-४० ग्रॅमच्या वरच्या ग्रंथीतच यांचा उपयोग. लहान ग्रंथीला देणं म्हणजे दुष्परिणाम फुकट घेणं. ५८ ग्रॅम आणि पीएसए दीडच्या वर, म्हणजे तुमचे वडील या गोळीसाठी अगदी योग्य. पण पहिले दोन-तीन महिने काहीच कळत नाही. सहा महिन्यांनी फरक जाणवतो, वर्षभरात ग्रंथी साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने घटते. बहुतेक लोक इथेच हरतात: दोन महिन्यांनी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. या गोळीचा मोठा फायदा रोजच्या त्रासात नसून पुढच्या वर्षांत आहे. चार वर्षांच्या मोठ्या चाचणीत फिनास्टेराइडने लघवी एकदम तुंबण्याचं आणि ऑपरेशन लागण्याचं प्रमाण दोन्ही निम्म्याहून खाली आणलं होतं. २००३ साली आलेल्या एमटॉप्स या अभ्यासात दोन्ही जातीच्या गोळ्या एकत्र दिल्यावर आजार पुढे सरकण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी झाला, नुसत्या एका गोळीपेक्षा बराच जास्त.

म्हणून तुमच्या वडिलांसाठी माझा कल दोन्हींकडे आहे: अल्फा ब्लॉकर आजच्या त्रासासाठी, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड उद्यासाठी. दोन्ही मिळून एकच कॅप्सूलही मिळते. चक्कर येत असेल तर सुरुवातीला वेगळ्या घ्या, म्हणजे कोणती गोळी त्रास देतेय ते कळतं. सहा-नऊ महिन्यांनी सगळं स्थिर असेल तर अल्फा ब्लॉकर थांबवून बघता येतो. बऱ्याच जणांना फरक पडत नाही आणि बीपीवरचा एक भार कमी होतो.

या दुसऱ्या गोळीपूर्वी दोन कामं. एक, गुदमार्गातून बोटाने प्रोस्टेटची तपासणी. मिनिटभराची आहे, लाजेने टाळली जाते. गाठ कठीण किंवा खडबडीत लागली तर पीएसए ३.१ असूनही पुढची तपासणी लागते. दोन, आजच्या पीएसएची नोंद ठळक ठेवा. ही गोळी सहा महिने ते वर्षभरात पीएसए निम्म्यावर आणते. म्हणजे वर्षभराने १.५ च्या आसपास दिसायला हवा. तेव्हा रिपोर्टवर २.८ आला तर प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत असल्यामुळे सगळे निश्चिंत होतील, पण दुपटीने धरला तर तो ५.६ होतो आणि कॅन्सरची शक्यता तपासावी लागते. जो डॉक्टर पीएसए बघेल त्याला गोळी चालू असल्याचं सांगायचंच. लघवीत जंतुसंसर्ग असताना किंवा कॅथेटर घातलेलं असताना पीएसए करू नका, खोटा वाढलेला येतो.

दुष्परिणाम: काही जणांत कामेच्छा आणि ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं, क्वचित छातीची बोंडं दुखणं किंवा सुजणं. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने फुटलेली गोळी किंवा गळकी कॅप्सूल हाताळू नये. लघवीत प्रोस्टेटमुळे रक्त जात असेल तर फिनास्टेराइडने तेही कमी होतं, हा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना वरचा फायदा.

टॅडालाफिल ५ मिग्रॅ रोज, हाही लघवीच्या त्रासावर मान्य उपाय आहे आणि ताठरतेची तक्रार असेल तर एका गोळीत दोन्ही भागतं. पण तुमच्या वडिलांना तो बंद, कारण हृदयाच्या रुग्णाला छातीत दुखल्यावर सॉर्बिट्रेट कधीही लागू शकतं. खिशात सॉर्बिट्रेट किंवा कोणतंही नायट्रेट असणाऱ्या माणसाने टॅडालाफिल घ्यायचं नाही. छातीत दुखलं आणि जिभेखाली गोळी ठेवली तर बीपी जीवघेणा पडू शकतो. हे इंटरनेटवरून मागवून कोणी घेत असेल तर त्याच्या घरच्यांनाही सांगा.

घाई फार असेल, बाथरूमपर्यंत पोचता येत नसेल, तर मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या आहेत: सॉलिफेनासिन, टोल्टेरोडिन. त्या द्यायच्या आधी शिल्लक लघवी मोजलेली हवी. दीडशेच्या वर असेल तर तुंबण्याची भीती. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, वयस्कर माणसाला विसराळूपणा येऊ शकतो. मिराबेग्रॉनमध्ये हे कमी, पण ते बीपी वाढवतं. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० असेल तर देत नाहीत.

काढे, चूर्णं, सॉ पाल्मेटो (एका पाम झाडाच्या फळाचा अर्क) याबद्दल विचारणा होतेच. सॉ पाल्मेटोची नीट तपासणी झाली आहे: २००६ साली रोज ३२० मिग्रॅ देऊन आणि २०११ साली तिप्पट मात्रेपर्यंत नेऊन, दोन्ही वेळा ते औषध नसलेल्या रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. पैसे वाचवा. गोखरू, वरुण, चंद्रप्रभा यांवर अशा तोडीचा पुरावा नाही. वैद्यांकडून घेत असाल तर हृदयाच्या डॉक्टरांना नावं सांगा, दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन बघा आणि त्यांच्या भरवशावर फिनास्टेराइड सोडू नका. नाव-पत्ता नसलेली 'प्रोस्टेट पावडर' घरात आणूच नका.

मग त्या 'बिनऑपरेशनच्या' जाहिराती. आधी एक गैरसमज काढू: लेझर म्हणजे ऑपरेशन नाही, असं समजू नका. लेझरने प्रोस्टेट काढणं हे भूल देऊन केलेलं पुरतं ऑपरेशन आहे. त्याचा गुण असा की रक्तस्राव कमी, म्हणून ॲस्पिरिन चालू ठेवूनही करता येतं. पुढे वडिलांना ऑपरेशन लागलंच तर साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनऐवजी हा पर्याय विचारण्यासारखा आहे.

वाफेचा उपचार, म्हणजे रेझूम, यात दुर्बिणीतून सुई खुपसून प्रत्येक जागी नऊ सेकंद वाफ सोडतात. पेशी मरतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत ग्रंथी आकसते. ३० ते ८० ग्रॅमसाठी. वीर्य बाहेर येणं बहुधा टिकतं. जाहिरातीत न सांगितलेला भाग असा की नंतर काही दिवस कॅथेटर राहतं आणि पहिले दोन-तीन आठवडे त्रास आधीपेक्षा वाढलेला वाटतो. यूरोलिफ्टमध्ये धातूच्या बारीक टाक्यांनी ग्रंथी बाजूला खेचून धरतात. फरक लगेच पडतो, पण पाच वर्षांत साधारण सातातल्या एकाला पुन्हा काहीतरी करावं लागतं. मधला लोब मोठा असेल तर जमणं कठीण.

तिसरा, प्रोस्टेटच्या धमन्या बंद करणं, म्हणजे एम्बोलायझेशन. मांडीतून किंवा मनगटातून, अँजिओग्राफीसारखंच, बारीक नळी प्रोस्टेटच्या धमनीपर्यंत नेऊन सूक्ष्म कण सोडतात. जागा बधिर करून होतं, लघवीच्या वाटेत दुर्बीण जात नाही आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बहुधा पूर्ण थांबवाव्या लागत नाहीत. यादीत खऱ्या अर्थाने शस्त्रक्रियेविना म्हणावं असं हेच. तुमच्या वडिलांसारख्यांना आकर्षक वाटेल, पण अडचणही तिथेच: हृदयाच्या धमन्या ज्याच्या खराब, मधुमेह ज्याला, त्याच्या ओटीपोटातल्या धमन्याही कडक आणि नागमोडी असतात, आणि बारीक नळी तिथवर पोचणं अवघड होतं. कण चुकीच्या धमनीत गेले तर मूत्राशय किंवा मलाशयाला इजा होते. क्ष-किरणांसाठीचं रंगद्रव्य किडनीवर ताण देतं. क्रिएटिनिन आणि मेटफॉर्मिनचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. धारेतला सुधार दुर्बिणीच्या ऑपरेशनइतका होत नाही. म्हणून हे काम नियमित करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट असेल तिथेच, आणि गोळ्यांनी सहा महिन्यांत भागलं नाही तरच.

कॅथेटर हा उपचार नाही, पण अडीअडचणीचा पूल आहे. लघवी कधी पूर्ण तुंबली, पोट फुगलं, दुखायला लागलं तर घरी शेक घेत बसू नका. दोन-तीन तासांच्या आत रुग्णालयात जा. कॅथेटर घातलं म्हणजे आता ऑपरेशनच, असं समजू नका. अल्फा ब्लॉकर चालू ठेवून दोन-तीन दिवसांनी, सकाळच्या वेळी काढून बघतात. एका अभ्यासात अल्फुझोसिनबरोबर ६२ टक्के लोकांची लघवी परत सुरू झाली, गोळीविना ४८ टक्के. काढल्यावर चार-सहा तासांत लघवी झाली का आणि किती शिल्लक राहिली हे बघितल्याशिवाय घरी जायचं नाही. तुंबायला बऱ्याचदा निमित्त लागतं: नाक मोकळं करणारी सर्दीची गोळी, नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलीन, लांबच्या एसटी प्रवासात धरून ठेवलेली लघवी, दारू, बद्धकोष्ठ. मेडिकलवाल्याकडून सर्दीची गोळी स्वतःहून आणायची नाही, एवढा नियम घरात करा.

तपासणीचं वेळापत्रक असं ठेवा. नवी गोळी सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी आयपीएसएस, फ्लो, शिल्लक लघवी, बीपी. तीन महिन्यांनी तेच. सहा महिन्यांनी यात पीएसए, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी. त्या वेळी गुण घटले, शिल्लक लघवी वाढली नाही आणि किडन्या ठीक असतील, तर ऑपरेशनचा विषय बंद, गोळ्या चालू. शिल्लक लघवी १३० वरून अडीचशे-तीनशेकडे सरकत असेल, संसर्ग सुरू झाला असेल, किंवा वडीलच म्हणाले की असं जगणं नको, तर तोवर स्टेंटची मुदतही उलटत आली असेल आणि ऑपरेशन आजच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असेल. तेव्हा घरच्यांनी अडवू नये.

मोतीबिंदूचं राहिलं. या वयात ते ऑपरेशन कधीही निघतं, आणि टॅम्सुलोसिन घेतलेल्या माणसाची बाहुली ऑपरेशनमध्ये नीट फाकत नाही, बुबुळाचा पडदा लुळा पडतो. गोळी आधी काही दिवस बंद केल्याने हा धोका जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगितलं तर ते तयारीने उतरतात. टॅम्सुलोसिनचं नाव आणि सुरू केल्याची तारीख वडिलांच्या मधुमेहाच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहून ठेवा. डोळ्यांच्या दवाखान्यात बहुधा तीच फाइल नेली जाते.